टीका उमेदवारावर, शिक्का टीकाकारावर : आरोप तपासायचा कसा?

मोजपट्टी (धागाकर्ता)

उमेदवारावर टीका झाली की उत्तर ठरलेलं असतं. 'तुम्हाला बाई चालत नाही', 'तुम्हाला त्यांचा रंग खुपतो', 'धर्मावरून बोलताय'. टीकाकाराचं प्रत्युत्तरही ठरलेलं: 'कार्ड खेळू नका'. तिथून पुढे मूळ मुद्दा कोणता होता हे दोन्ही बाजूंना आठवत नाही.

असा आरोप आला तर तो तपासायची कामाची पद्धत इथे जमा करू या. अटी दोनच. आपल्याकडचे, चालू निवडणुकीतले उमेदवार आणू नका. त्यांचे धागे वेगळे आहेत आणि तिथे काय होतं ते सगळे जाणतात. जुनी, नोंदी उपलब्ध असलेली उदाहरणं घ्या. आणि 'माझ्या बाबतीत असं झालं' हे नको.

सुरुवात करतो. एका आरोपात तीन प्रश्न कालवलेले असतात:

१. विधान खरं आहे का?
२. हीच पट्टी बाकीच्या उमेदवारांना लावली का?
३. शब्दांत, चित्रात, क्रमात अशी काही भर आहे का, जी मुद्द्याला लागत नाही पण उमेदवाराच्या रंगाकडे, धर्माकडे, बाईपणाकडे बोट दाखवते?

पूर्वग्रहाचा आरोप दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल असतो. तो शंभर टक्के सिद्ध झाला तरी पहिल्याचं उत्तर मिळत नाही. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून उरलेले दोन निकालात निघतात, असंही नाही.

---

शंकासुर

कागदावर छान दिसतं. पण एकाच प्रकरणात तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आली, असं घडलंय का कधी? की ही नुसती शाब्दिक कसरत?

---

तळटीप

@शंकासुर, घडलंय. अमेरिका, १९८८. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मायकल डुकाकिस मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. त्या राज्यात कैद्यांना काही दिवसांची सुट्टी मिळायची आणि खुनाबद्दल आजन्म तुरुंगवास भोगणारेही त्यात बसत. योजना डुकाकिस यांची नव्हे, १९७२ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांच्या काळातली. मात्र खुन्यांना त्यातून वगळणारं विधेयक १९७६ मध्ये आलं, ते डुकाकिस यांनी अडवलं. पुढे विली हॉर्टन नावाचा कैदी सुट्टीवरून परतलाच नाही आणि १९८७ मध्ये मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर त्याने भीषण अत्याचार केले.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: टीकेत तथ्य होतं, निर्णय डुकाकिस यांचाच होता.

आता मांडणी बघा. हाच मुद्दा सगळ्यात आधी काढला तो त्यांच्याच पक्षाच्या अल गोर यांनी, एप्रिल १९८८ च्या प्राथमिक फेरीतल्या वादचर्चेत. सुट्टी योजनेबद्दल विचारलं, कैद्याचं नाव घेतलं नाही. वंशाचा प्रश्नही उठला नाही. सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश (थोरले) यांच्या बाजूच्या एका स्वतंत्र गटाने ३० सेकंदांची जाहिरात काढली. त्यात नाव आलं आणि हॉर्टनचा काळा चेहरा पडदाभर आला. 'काळा' हा शब्द जाहिरातीत एकदाही नाही. मुद्दा तोच, फक्त चेहऱ्याची भर. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या भरीत आहे.

कामाचा नियम यातून निघतो: भर काढून टाका आणि उरलेलं वाक्य उभं राहतं का बघा. इथे राहतं. मग टीका टिकते आणि जाहिरात दोषी ठरते, दोन्ही एकदम. बुश यांच्या मोहिमेची स्वतःची जाहिरात फिरत्या दारातून आत-बाहेर करणाऱ्या कैद्यांची होती, तिच्यात हॉर्टन नव्हता. पण तोवर प्रेक्षकांच्या डोक्यात चेहरा बसला होता. भर एकाने घालायची आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, ही वाटणी तेव्हापासून फार लोकप्रिय आहे.

---

काजवा

तळटीप, भारी प्रतिसाद. पुरवणी: ऑक्टोबरमध्ये काळ्या समाजाचे नेते जेसी जॅक्सन यांनी त्या प्रचाराला उघडपणे वंशवादी म्हटलं. राज्यशास्त्राच्या अभ्यासक ताली मेंडलबर्ग यांचं म्हणणं असं, की इशारा झाकलेला असतो तोवरच असा प्रचार चालतो. कोणी बोट ठेवलं की मतदार सावध होतो आणि परिणाम उतरतो. ह्यूबर आणि लापिन्स्की यांनी २००६ मध्ये याला आव्हान दिलं. झाकलेला संदेश उघड संदेशापेक्षा जास्त चालतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं नाही. तेव्हा 'आरोप केला की विषय संपतो' हे कोणीही छातीठोक सांगू नये.

---

खडीसाखर

१९८८ मध्ये निदान भर कोणती आणि मुद्दा कोणता हे सुटं करता येतं. गुंता बघायचा तर ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड घ्या.

मुद्दा: 'माझ्या सरकारमध्ये कार्बन कर येणार नाही' असं २०१० च्या निवडणुकीआधी त्यांनी सांगितलं आणि कार्बनवर किंमत १ जुलै २०१२ ला लागू झाली. वचनभंगाची टीका सरळ, सज्जड.

भर: मार्च २०११ मध्ये कॅनबेरात या कराविरुद्धच्या सभेत त्यांना 'चेटकीण' म्हणणारे फलक लागले आणि विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट त्याच फलकांसमोर उभे राहून बोलले. ही भर मुद्द्याला कुठेही लागत नाही. वचन मोडायला चेटकीण असावं लागत नाही.

ढाल: ९ ऑक्टोबर २०१२. अ‍ॅबट यांनी सभापती पीटर स्लिपर यांना हटवण्याचा ठराव आणला, कारण स्लिपर यांचे बायकांबद्दलचे गलिच्छ मोबाइल संदेश बाहेर आले होते. गिलार्ड यांचं सरकार अल्पमतातलं आणि स्लिपर त्यांना सोयीचे. त्यांनी अ‍ॅबट यांच्या स्त्रीद्वेषावर ते गाजलेलं भाषण केलं आणि ठराव ६९ विरुद्ध ७० ने पडला. त्याच दिवशी स्लिपर यांनी स्वतःच राजीनामा दिला.

जगभर लोकांनी भाषण ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. संसदेच्या बातम्या देणाऱ्या तिथल्या बऱ्याच पत्रकारांनी मात्र ठराव पाहिला आणि म्हणाले, अडचणीतल्या सभापतीला वाचवायला केलेलं भाषण. माझ्या मते दोघंही आपापल्या तुकड्यापुरते बरोबर होते. अ‍ॅबट यांच्याबद्दलचं म्हणणं खरं होतं आणि त्या दिवशी ते ढाल म्हणून वापरलं गेलं, हेही खरं.

---

शंकासुर

'दोघंही बरोबर' ही पळवाट नाही का? आरोप खरा असेल तर तो कधी केला याने काय फरक पडतो?

---

खडीसाखर

आरोपाच्या खरेपणाला काही नाही पडत. फरक पडतो तो समोरचा प्रश्न कोणता होता याने. प्रश्न होता 'स्लिपर यांना हटवायचं का'. त्याचं उत्तर 'अ‍ॅबटही तसेच' हे होत नाही. तपासताना दोन रकाने करा: 'विचारलं काय' आणि 'सांगितलं काय'. दुसरा रकाना भरलेला असला तरी पहिला रिकामा राहिलाय का, ते बघायचं.

उलट नमुना हवा तर अमेरिकेची १९६० ची राष्ट्राध्यक्ष निवडणूक. जॉन केनेडी कॅथलिक आहेत, ते पोपचं ऐकतील, हा प्रश्न मुळातच पूर्वग्रहातून आलेला. तरी १२ सप्टेंबरला ते ह्यूस्टनला प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर गेले, आपण कॅथलिकांचे नव्हे तर पक्षाचे उमेदवार आहोत आणि योगायोगाने कॅथलिक आहोत असं म्हणाले, आणि समोरून आलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली. दोन्ही रकाने भरले.

---

रानवारा

पण अशा प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावरच का यावी? कुठल्या प्रोटेस्टंट उमेदवाराला असा हिशेब द्यावा लागला? पट्टी तिथेच वाकडी आहे. 'केनेडींनी बघा किती छान उत्तर दिलं' हे अल्पसंख्य उमेदवाराला ऐकवायचं आवडतं वाक्य आहे, म्हणून बोलले.

---

खडीसाखर

रानवाराताई, मान्य. दुसऱ्या प्रश्नावर तो हिशेब नापासच आहे.

---

शंकासुर

मग सरळ 'उमेदवार-बदल' करून बघा की. त्याच वाक्यात दुसऱ्या गटाचा उमेदवार टाकायचा. वाक्य विचित्र वाटलं तर पूर्वग्रह, नाही वाटलं तर टीका. एवढं मोठं शास्त्र कशाला?

---

मोजपट्टी

ती कसोटी उपयोगी आहे, पण तीन ठिकाणी फसते.

एक, जोडीदार चुकीचा निवडला तर. तुलनेचा उमेदवार त्याच पदासाठीचा, तेवढ्याच अनुभवाचा आणि तसंच वागलेला हवा. अमेरिकेच्या सेनेटर एमी क्लोबुशार यांचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरल्या आणि हाताखालच्या लोकांना वाईट वागवतात अशा बातम्या आल्या. समर्थक म्हणाले, पुरुष साहेब असाच वागला तर त्याला 'खमक्या' म्हणतात. ही शंका रास्त आहे. पण इथे तुलना मनात करायची गरजच नाही, सेनेटमध्ये १०० सदस्य आहेत आणि कुठल्या कार्यालयातून माणसं किती सोडून जातात याच्या नोंदी आहेत. त्यांच्या कार्यालयातली गळती सेनेटमधल्या सर्वाधिक गळत्यांपैकी होती. तेव्हा 'माणसं टिकत नाहीत' हे विधान पास. तेवढीच गळती असलेल्या पुरुष सदस्यांवर किती बातम्या आल्या, हा मात्र वेगळा हिशेब. तो केल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नावर बोलू नये.

दोन, शब्दाचं वजन सगळ्यांना सारखं नसतं. धाकट्या बुश यांची माकड म्हणून व्यंगचित्रं वर्षानुवर्षं निघाली, कोणी वंशवाद म्हटलं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क पोस्टने एक व्यंगचित्र छापलं. पोलिसांनी चिंपांझीला गोळ्या घातल्यात आणि वर संवाद असा, की पुढचं आर्थिक मदतीचं विधेयक लिहायला आता दुसरं कोणीतरी शोधावं लागेल. ओबामा नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले. कनेटिकटमध्ये काही दिवसांपूर्वी पोलिसांनी खरंच एक चिंपांझी मारला होता आणि बचाव तोच होता. पण काळ्या माणसाला माकड म्हणण्याला काही शतकांचा इतिहास आहे, बुश यांच्याबाबत तो नाही. उमेदवार बदलला की इतिहास बदलत नाही. शेवटी मालक रूपर्ट मर्डॉक यांनी माफी मागितली.

तीन, स्तुती. ही कसोटी फक्त टीकेला लावली जाते. जानेवारी २००७ मध्ये जो बायडन यांनी ओबामा यांचं कौतुक करताना ते बोलण्यात चतुर, हुशार आणि 'स्वच्छ' असल्याचं सांगितलं. यात उमेदवार बदलून बघा. गोऱ्या सेनेटरला कोणी 'स्वच्छ' म्हणून शाबासकी देईल का?

---

उलटतपासणी

शब्दांवर जायच्या आधी एक पायरी राहिली: आख्खं वाक्य मिळवा. निम्मे आरोप कात्रीमुळे होतात.

२००८ ची दोन विधानं, दोन्ही बिल क्लिंटन यांची, एकाच महिन्यातली. पत्नी हिलरी तेव्हा डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी ओबामांविरुद्ध लढत होत्या.

७ जानेवारी, न्यू हॅम्पशायर: 'ही सगळी परीकथा आहे.' गहजब झाला, की काळ्या माणसाच्या उमेदवारीला हे परीकथा म्हणतात. मागचीपुढची वाक्यं ऐकली तर विषय निघतो ओबामा यांची इराक युद्धाबद्दलची भूमिका. विधान चूक असू शकतं, पण आरोप भलत्याच वाक्यावर. साप साप म्हणून भुई धोपटणं.

२६ जानेवारी, साउथ कॅरोलायना. पत्रकाराचा प्रश्न असा, की ओबामांना हरवायला तुम्ही नवराबायको दोघं लागता, याचा अर्थ काय? उत्तर आलं: जेसी जॅक्सन यांनी ८४ आणि ८८ मध्ये साउथ कॅरोलायना जिंकलं होतं. प्रश्नात जॅक्सन यांचं नाव नाही. २००४ मध्ये तिथे जॉन एडवर्ड्स जिंकले होते, ते तर याच शर्यतीत होते. १९९२ मध्ये खुद्द क्लिंटन जिंकले होते. जवळचे दोन दाखले ओलांडून वीस वर्षं मागचा काळा उमेदवार का आठवला? यावर समाधानकारक उत्तर मला तरी दिसलेलं नाही.

तपासाचा क्रम:
– चित्रफीत किंवा पूर्ण मजकूर. विधानाच्या आधीचा आणि नंतरचा किमान एक मिनिट.
– विचारलेला प्रश्न शब्दशः.
– विधानात आलेला दाखला सगळ्यात जवळचा होता का? नसेल तर जवळचा कोणता आणि तो का टाळला?
– भाषांतरित अवतरण असेल तर मूळ शब्द. 'परीकथा' आणि 'थाप' यांतला फरक भाषांतरकार गिळतात.

आणि तपशील चुकला तर शब्दांच्या चर्चेची गरजच नाही. लंडन महापौर निवडणूक, २०१६: सादिक खान यांच्यावर टीका करताना पंतप्रधान कॅमेरून संसदेत म्हणाले, की ते आयसिसला पाठिंबा देणाऱ्या एका इमामाबरोबर व्यासपीठावर बसले. त्या गृहस्थांचा आयसिसला पाठिंबा नव्हता. निवडणुकीनंतर कॅमेरून यांना माफी मागावी लागली. पहिल्याच प्रश्नावर नापास.

---

काजवा

'माध्यमं आमच्या उमेदवाराशी आकसाने वागतात' हा आरोप मोजता येतो, पण लोक मोजतात ते चुकीचं. दहा खटकणारे मथळे चिकटवले की झालं. भाजक कुठाय?

किमान रीत: एकाच कालावधीतले, त्याच वृत्तपत्रांतले दोन्ही उमेदवारांचे प्रत्येकी २०० मथळे. निवड पाळीने, म्हणजे दर पाचवा घ्यायचा, आवडीने नाही. रकाने आधी ठरवायचे: धोरण, कारभार, स्वभाव, दिसणं, कुटुंब, जात-धर्म-वंश. दोन जणांनी एकमेकांशी न बोलता नोंदी करायच्या. आधी ३० मथळ्यांवर सराव करून व्याख्या दुरुस्त करायच्या आणि ते ३० फेकून द्यायचे.

नाव झाकणं मराठीत अवघड जातं. 'उमेदवार' असं टाकलं तरी 'म्हणाल्या', 'भडकल्या' यातून कळतंच. क्रियापदंही बदलावी लागतात. उलट याच भाषेत एक फुकटचा मापक मिळतो: एकाला 'ते म्हणाले' आणि दुसऱ्याला 'तो म्हणाला', एकाचं आडनाव आणि दुसरीचं पहिलं नाव. हा रकाना सगळ्यात आधी मोजा. व्याख्येवर वाद होत नाही.

सगळ्यात मोठी फसगत 'आमचं ९० टक्के एकमत झालं' यात आहे. ९० टक्के मथळ्यांत दिसण्याचा उल्लेखच नसेल, तर दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात 'नाही' मारलं तरी ८२ टक्के जुळतं (०.९ × ०.९ + ०.१ × ०.१). म्हणून कोहेनचा कॅपा काढतात, म्हणजे योगायोगाने जुळणारं वजा करून उरलेलं एकमत: (०.९० – ०.८२) ÷ (१ – ०.८२) = ०.४४. हे कच्चं एकमत आहे. ०.८ च्या आसपास गेलं तर निष्कर्ष लिहा.

---

शंकासुर

आणि मतदारांचा पूर्वग्रह? तो तर कोणी कबूलच करत नाही.

---

काजवा

त्यासाठी यादी-प्रयोग. अर्ध्या लोकांना राग आणणाऱ्या ४ गोष्टी देतात आणि विचारतात, 'किती गोष्टींचा राग येतो? कोणत्या ते सांगू नका, फक्त आकडा.' उरलेल्या अर्ध्यांना त्याच ४ अधिक पाचवी: 'स्त्री राष्ट्राध्यक्ष होणं'. पहिल्या गटाची सरासरी २.१० आणि दुसऱ्याची २.३५ आली, तर फरक ०.२५, म्हणजे अंदाजे २५ टक्के लोकांना पाचव्या गोष्टीचा राग.

फसतं कुठे? पहिल्या चारही गोष्टी सगळ्यांनाच संतापजनक असतील तर 'पाच' म्हणणारा उघडा पडतो, म्हणून तो 'चार' म्हणतो. दोन गोष्टी अशा घ्यायच्या, की एकीचा राग येणाऱ्याला दुसरीचा सहसा येत नाही. शिवाय अनिश्चितता प्रचंड. प्रत्येक गटात ५०० माणसं आणि प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती पसरली आहेत त्याचं माप) १ धरलं, तर चूक अधिक-उणे १२ टक्के. ती ५ वर आणायला प्रत्येक गटात ३,००० हून जास्त लागतात. हजार लोकांवरच्या यादी-प्रयोगातून 'पूर्वग्रह ४ टक्क्यांनी वाढला' असं छापून आलं तर सरळ पान उलटा.

अवांतर: 'लोक चाचणीत खोटं बोलतात' याला नेहमी टॉम ब्रॅडली या काळ्या उमेदवाराचा दाखला देतात. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक, १९८२, चाचण्यांत पुढे आणि निकालात एक लाखाहून कमी मतांनी मागे. पण त्या वेळी टपाली मतं विरोधी उमेदवाराकडे मोठ्या प्रमाणात गेली होती आणि बंदुकांवरच्या एका प्रस्तावामुळे वेगळाच मतदार बाहेर पडला होता. सगळं बिल खोटेपणावर फाडता येत नाही.

---

रानवारा

मोजमाप झालं. आता टीका करणाऱ्याने करायचं काय? एक वाक्य घेऊन दाखवा ना.

---

तळटीप

घेऊ. काल्पनिक वाक्य: *'बाई भावनेच्या भरात निर्णय घेतात, आज एक बोलतात नि उद्या दुसरं, अशांच्या हाती तिजोरी कशी द्यायची?'*

'बाई' काढा, मुद्दा कमी होत नाही. 'भावनेच्या भरात' काढा, ते मनातलं आहे, पुराव्याने दाखवता येत नाही. 'अशांच्या' तर आधी काढा, कारण त्या अनेकवचनात एका उमेदवाराची आख्खी जमात होते. उरलं: 'आज एक, उद्या दुसरं'. तेवढाच मुद्दा होता. तो भरा: कोणत्या प्रस्तावावर, कोणत्या तारखेला कोणती बाजू, मध्ये कारण दिलं का.

आरोप आल्यावर टाळायच्या गोष्टी: 'माझे कितीतरी मित्र त्या समाजाचे आहेत' नको. 'मीच खरा बळी' नको. जेराल्डीन फेरारो यांचं २००८ मध्ये हेच झालं. ओबामा गोरे असते तर या जागी नसते, असं त्या म्हणाल्या. टीका झाल्यावर आपण गोऱ्या असल्यामुळे आपल्यावर हल्ला होतोय, असं म्हणाल्या आणि काही दिवसांत हिलरी क्लिंटन यांच्या मोहिमेतलं पद सोडावं लागलं. स्वतः १९८४ मध्ये मोठ्या पक्षाकडून उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवलेली पहिली स्त्री म्हणून त्यांनी असलेच टोमणे खाल्ले होते. एवढं विचारा: 'कोणता शब्द खटकला?' शब्द दाखवला तर तो मागे घ्या आणि मुद्दा पुन्हा मांडा. शब्द दाखवता आला नाही तर वाट बघा.

---

शंकासुर

बरं, लिहून बघतो: *'उमेदवाराने पाणीपट्टीवाढीला मार्चमध्ये पाठिंबा दिला, जूनमध्ये विरोध केला आणि बदलाचं कारण दिलं नाही. खर्चाच्या प्रश्नावर ही अस्थिरता धोक्याची आहे.'*

चालेल?

---

मोजपट्टी

पहिलं वाक्य चालेल, वर्ष घाला. 'अस्थिरता' काढा, तिच्यात 'भावनेच्या भरात' मागच्या दाराने परत आलं. आणि त्याच ठरावावर बाकीच्या उमेदवारांनी मार्च-जूनमध्ये काय केलं, ते शेजारी लिहा. त्यांतल्या दोघांनी तसंच केलं असेल तर तिघांची नावं येऊ द्या.

---

शंकासुर

तपासलं. दोघांनी केलंय. वाक्य लांबणार.